‘ताबडतोब लॉक’वाल्यांनो, मे महिन्यात आमच्याकडे या

खाडीकाठ:
काल दुसऱ्या धाग्यावर ‘सावधराव’ लिहून गेले: "पासवर्ड मॅनेजरचा टाइमआउट ‘ताबडतोब’च हवा. १५ मिनिटं ठेवणारा माणूस कडी न लावता देवळात जातो." (पासवर्ड मॅनेजर म्हणजे आपले सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप; टाइमआउट म्हणजे न वापरता किती वेळाने ते आपोआप बंद व्हायचं ते.) दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून हा वेगळा धागा.

गुहागरजवळ आमचं घरगुती निवास आहे, तीन खोल्यांचं. मीही ‘ताबडतोब’ ठेवून बघितलं. मे महिन्यात पाहुणे दारात उभे, एका हातात सरबताचा ट्रे, दुसऱ्यात मोबाइल. बुकिंगचा पासवर्ड घ्यायला मॅनेजर उघडायचा, ओटीपी बघायला मेसेजमध्ये जायचं, परत येईतो तिजोरी, म्हणजे मॅनेजरमधला पासवर्डांचा साठा, बंद. पुन्हा मास्टर पासवर्डची, म्हणजे तिजोरी उघडायच्या मुख्य पासवर्डची, बावीस अक्षरं, तीही उन्हात, स्क्रीन दिसत नसताना. आठवड्यात कंटाळलो आणि तो आठ अक्षरांवर आणला. कुलूप मोठं केलं आणि किल्ली दारातल्या खिळ्याला टांगली, असं झालं ते. बिटवॉर्डन या मॅनेजरच्या मोबाइल ॲपमध्येही मुळात १५ मिनिटंच असतात. ते बनवणारेही देवळात गेलेत का?

सावधराव:
आठ अक्षरांचा पासवर्ड तुम्ही ठेवलात, टाइमआउटने नाही. फिंगरप्रिंट चालू करा, बोट टेकवलं की उघडतं. माझी गोष्ट ऐका. गणपतीला मुंबईची मंडळी आली की घरातला मोबाइल सगळ्या घराचा होतो. आरतीचं पान लावून मी फोन पुतण्याच्या हातात दिला. पाचच मिनिटांपूर्वी लाइट बिल भरलेलं, तिजोरी उघडीच. पठ्ठ्याने माझ्या खात्यात शिरून गेमची नाणी घेतली. सुखकर्ता दुःखहर्ता संपायच्या आत!

खाडीकाठ:
म्हणजे पुतण्या आवरत नाही म्हणून अख्ख्या कोकणाने बावीस अक्षरं बडवायची.

मालवणी_गजाल:
‘बोट टेकवा’ म्हणान सांगणाऱ्यांका माझो एक प्रश्न. खयचा बोट? आमच्या घरात काजी फोडतत. चिकान बोटांची कातडी सोलवटता, रेषाच ऱ्हवणत नाय. माझी आवस रेशनच्या मशीनार चार-चार वेळा अंगठो दाबता, तरी मशीन ‘नाय’ म्हणता. तांदूळ मिळणा नाय थय पासवर्ड खय मिळतलो!

देवगडची_बाग:
काजूचं कौतुक नको. हापूसचा चीक काय कमी पोळतो? एप्रिलभर माझा फोन मला ओळखत नाही.

मालवणी_गजाल:
देठ ठेवन काढलास तर चीक कित्याक सांडतलो? झेल्यान काढतंस की फांदी हलवतंस?

देवगडची_बाग:
फांदी हलवून आंबा पाडणारा वाटलो मी तुम्हाला? तीन पिढ्यांची बाग आहे. तोंड सांभाळून बोला. आधी आवशीच्या हाताला खोबरेल लावा, नाहीतर राख, मग काजू फोडू दे. साधी गोष्ट आहे.

मालवणी_गजाल:
राख आमी लावतोच. तुझ्या आज्यान शिकवक नाय आमका.

सावधराव:
टाइमआउटवर बोलायचं आहे का कोणाला?

वाशिष्ठीकाठ:
मला आहे. तुम्ही मिनिटं मोजत भांडताय, त्याखालचा पर्याय कोणी उघडून बघितला नाही. वेळ संपल्यावर नुसतं ‘लॉक’ करायचं की ‘लॉग आउट’? जास्त सुरक्षित म्हणून मी लॉग आउट ठेवलेलं. २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी आमच्या दुकानाच्या माळ्याला लागलं. विम्याच्या पॉलिसीचा नंबर तिजोरीत, तिजोरी लॉग आउट झालेली, रेंज गेलेली. लॉक असतं तर सगळं कूटबद्ध होऊन फोनमध्येच असतं, रेंजशिवाय मास्टर पासवर्ड टाकून उघडलं असतं. लॉग आउटला पुन्हा नेटच लागतं.

खाडीकाठ:
कागदावर नव्हतं काही लिहिलेलं?

वाशिष्ठीकाठ:
होतं. कपाटात. कपाट पाण्यात.

सावधराव:
मग खाडीकाठ, तुम्ही ‘कधीच नाही’ ठेवा. पूर येवो, पाहुणे येवोत.

खाडीकाठ:
त्यात तिजोरीची किल्ली फोनमध्येच पडून राहते, एवढं मलाही कळतं. मी रोज उघडायला पिन लावतो. पासवर्ड पुन्हा बावीस अक्षरांचा करतो, झालं समाधान? पण मिनिटं १५च.

वाशिष्ठीकाठ:
पाहुण्यांच्या गडबडीत पिन पाच वेळा चुकवू नका. बिटवॉर्डन लॉग आउट करतं. रेंज नसली की माझ्या शेजारी येऊन बसाल.

सावधराव:
पिन आणि १५ मिनिटं, हे मान्य नाही, पण चालवून घेतो. गणपतीचे दिवस सोडून.

खाडीकाठ:
गणपतीत एक मिनिट. तेही तुमचा पुतण्या आमच्याकडे येणार असेल तरच.

देवगडची_बाग:
गजाल, काजूची वेंगुर्ला ७ जात लावलीय का तुमच्याकडे? कलमं हवी होती. राग नाही.

मालवणी_गजाल:
आसा. पण येताना पेटी घेवन ये. देठाची.