न्यू यॉर्कमध्ये आईसाठी शाकाहारी बर्गर

प्रश्न: आई पहिल्यांदाच जर्सी सिटीला आली आहे. शनिवारी मॅनहॅटनला जातोय. तिला बर्गर खायचाय, पण मांसासारखी चव लागली की तिला घास गिळवत नाही. कुठे नेऊ?

उत्तर: थेट ईस्ट व्हिलेजमधलं 'सुपिरिऑरिटी बर्गर' गाठा. २०१५ पासूनचं, पूर्ण शाकाहारी. टिक्कीत किन्वा, छोले, गाजर, अक्रोड. वर भाजलेला टोमॅटो, चीज. माझ्या सासूबाईंनी आधी पाव बोटाने दाबून पाहिला. म्हणाल्या, "अगं, लादीपावासारखा मऊ!" अर्धा मला ठेवणार होत्या, सगळा संपवला.

उत्तर: दुसरीकडे गेलात तर 'इम्पॉसिबल' या ब्रँडचा बर्गर मागवू नका. सोयाचा असला तरी चव मांसाचीच. आणि तवा वेगळा आहे का, तेही विचारा.

प्रश्नकर्ता: तव्याचं सुचलंच नव्हतं. आभार! आईला अक्रोड चालतो, शनिवारी तिकडेच.