पार्ट्स वेगळे काढले की स्कोअर जुळत नाही

म्युझस्कोअर ४ (संगीत लिहायचं सॉफ्टवेअर) वापरतोय, १२ वाद्यांचा स्कोअर (सगळ्यांची एकत्र स्वरलिपी) आहे. प्रत्येकाचा पार्ट (त्या एकाच वाद्याची स्वरलिपी) वेगळ्या फाइलमध्ये कॉपी केला, आता एक सूर बदलला की दोन्हीकडे बदलावा लागतो आणि काल क्लॅरिनेटचा राहूनच गेला, तालमीत सगळे अडकले. काय करू?

— अरे वेगळ्या फाइल नकोच! पार्ट्स मेनूतून उघड, ते स्कोअरला जोडलेलेच असतात, सूर कुठेही बदल, दोन्हीकडे बदलतो. पार्टमधला पेज ब्रेक मात्र पार्टपुरताच राहतो, म्हणून पान उलटायची जागा विश्रांतीवर आणता येते, वाजवणाऱ्याचे हात मोकळे हवेत ना.

— प्रिंटआधी कॉन्सर्ट पिच (सगळे सूर ऐकू येतात तसेच दाखवायची सोय) बंद आहे ना बघा, बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा पार्ट ऐकू येतो त्यापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहिलेला लागतो.

— झालं, खूप आभार!