अनुभव धागा : ब्रीदर, पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि "इंजिन खोलावं लागेल"

मागच्या पावसाळ्यात माझ्या अकरा वर्षं वापरलेल्या पेट्रोल गाडीखाली ऑइलचा डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचं, गॅस्केट बदललं, पण तीन आठवड्यांत पुन्हा ओलं. गॅरेजमध्ये चालू इंजिनाची ऑइल कॅप काढली तर भसाभस धूर वर आला. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय साहेब. रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल." अंदाज पस्तीस हजारांचा.

मी दोन दिवस मागून घेतले. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच (तो फार झाला की गॅरेजवाले बॅक कॉम्प्रेशन म्हणतात), आणि त्याबरोबर पाण्याची वाफ, न जळलेलं पेट्रोल, काजळी. पूर्वी हे सगळं एका पाइपमधून, म्हणजे ब्रीदरमधून, रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून गाड्यांत ते परत इंजिनात ओढून जाळायला सुरुवात झाली. त्या ओढीवर लगाम ठेवणारी झडप म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह. आयडलिंगला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) ओढ जोरात असते तेव्हा ती वाट अरुंद करते, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मोकळी करते. ती चोंदली की वायूला जायला जागा राहत नाही. मग तो जिथे कच्चं सापडेल तिथून, म्हणजे गॅस्केट, ऑइल सील, डिपस्टिक इथून ऑइल घेऊन बाहेर पडतो.

इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह काढला. अंगठ्याएवढा. कानाशी धरून हलवला तर आवाजच नाही. चांगला असेल तर आतली सुई टकटक वाजते. आत वाळलेल्या काकवीसारखा काळा थर होता. ज्या रबरी बुशमध्ये तो बसतो, ते जुन्या बिस्किटासारखं तुटत होतं. त्याचा एकही तुकडा इंजिनात पडू नये म्हणून चिमट्याने एकेक उचलला. नवा व्हॉल्व्ह, नवं बुश, गॅस्केट पुन्हा एकदा, सगळं मिळून हजाराच्या आत. आता आयडलिंगला ऑइल भरायच्या तोंडावर कागद ठेवला की तो हलकेच आत ओढला जातो. चौदा महिने झाले, फरशी कोरडी आहे.

तुमची गाडी पेट्रोल, डिझेल की सीएनजी, काय लक्षण दिसलं, काय केलं आणि पुढे काय झालं, ते लिहा. उपाय लागू पडला नसेल तर तेही नक्की लिहा.

नाशिक, सीएनजी

ऑइल कॅपच्या आत लोण्यासारखा पिवळट पांढरा थर पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये उतरतंय असंच वाटलं. पण कूलंट एक थेंबही कमी नव्हतं, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ होतं. माझं ऑफिस घरापासून अडीच किलोमीटर, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आतच बंद. सीएनजी जळताना पाण्याची वाफ पेट्रोलपेक्षा जास्त तयार होते आणि ती थंड कॅपखाली साचते. ब्रीदर पाइप काढला तर त्यातही तोच लोण्याचा गोळा. पाइप धुऊन वाळवला, व्हॉल्व्ह बदलला, आणि दर रविवारी त्र्यंबकेश्वरपर्यंत गाडी काढतो. थर पुन्हा धरला नाही.

कोल्हापूर, तीस वर्षं गॅरेज

धागा काढलात हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे "दुसरीकडे इंजिन काम सांगितलंय" म्हणून येणाऱ्या गाड्यांत मी पहिल्यांदा पाइप बघतो. एक चूक वारंवार दिसते. ब्रीदरचा पाइप फाटला की मापाची पाण्याची नळी कापून लावतात. पाण्याच्या नळीचं रबर ऑइलला टिकत नाही. चार महिन्यांत ते फुगून मऊ पडतं, आणि आतून ओढ लागली की चपटं होऊन चिकटतं. बाहेरून बघाल तर पाइप जागेवर, आतून बंद. ऑइल सोसणारीच नळी मागून घ्या. व्हॉल्व्हवर बाण असेल तर तो मॅनिफोल्डकडे हवा.

व्हॉल्व्ह उघडा अडकला तर उलटं होतं. आयडलिंग वरखाली, चेक इंजिनचा दिवा, ऑइल पिणं. त्यावेळी लोक उगाच इंजेक्टर साफ करत बसतात.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ही झडप टॅपेट कव्हरमध्येच असते, पातळ रबरी पडद्याची. तिथे कार्ब क्लीनर मारू नका, पडदा खराब होतो. त्या गाड्यांत बहुतेक वेळा अख्खं कव्हर बदलावं लागतं, आणि ते स्वस्त नाही.

नागपूर, टर्बो डिझेल

माझ्या गाडीला शिट्टी लागली होती. आयडलिंगला बारीक, सतत. मी टर्बो गेला म्हणून धसका घेतला. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी मॅनिफोल्डची ओढ नसते. टर्बोच्या तोंडाशी जी ओढ असते तिच्यावर हे काम चालतं, आणि ती मर्यादेत ठेवायला पडदा असतो. माझा तोच फाटला होता. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा पाइप काढल्यावर वाटीभर ऑइल निघालं. मेकॅनिकदादांनी तेव्हा सांगितलं ते आजही आठवतं: असं ऑइल साचत गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर धावत सुटतं, चावी काढली तरी थांबत नाही. शिट्टी ऐकू आली तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवून घ्या.

कॅलगरी, कॅनडा (मूळचे सातारचे)

इथे उणे तीसमध्ये वेगळीच गंमत नाही, भीतीच आहे. त्या लोण्यातलं पाणी पाइपमध्ये गोठतं आणि रस्ता बर्फाने बंद होतो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसच्या पार्किंगला बॉनेट उघडलं तर डिपस्टिक चार बोटं वर आलेली आणि सगळीकडे ऑइलचे शिंतोडे. मागचं क्रँक सील वाचलं हे नशीब. आता ऑक्टोबरात पाइप काढून साफ करतो आणि हिवाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला अर्धा तास नेतो, म्हणजे ऑइल तापून त्यातलं पाणी उडतं.

तासगाव, ट्रॅक्टर

कारचा नाही, पण लिहितो. आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा ब्रीदर पाइप खाली मोकळा सोडलेला आहे. उन्हाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये दोन महिने उभा. काढला आणि पुढच्या सीलमधून ऑइल गळायला लागलं. वडील खाली वाकले, पाइपात तार घातली, आणि मातीची ढेकळं पडली. कुंभारमाशीने आत घर केलं होतं. तेव्हापासून उभा करताना पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधतो आणि चालू करायच्या आधी सोडतो.

ठाणे, पेट्रोल

माझा अनुभव वेगळा आहे. मी व्हॉल्व्ह बदलला, पाइप बदलले, तरी हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल जातच होतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल येत होतं. शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब मोजला. तिसऱ्या सिलेंडरला दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी. त्याच्या प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर दाब वाढला, म्हणजे रिंगाच. इंजिन खोलावंच लागलं, आणि मेकॅनिकचं म्हणणं खरं होतं. पण ते मी मोजून मान्य केलं, त्यामुळे पैसे देताना मनात शंका राहिली नाही.

धागाकर्ता

ठाणेकर, तुमचा प्रतिसाद सगळ्यांनी वाचावा असा आहे. मी टेस्ट न करताच व्हॉल्व्ह बदलला आणि तो लागू पडला. पुढच्या वेळी आधी मोजेन. कोल्हापूरकर काका, नळी कापून आणताना दुकानात नेमकं काय मागायचं, ते जरा सविस्तर लिहाल का?