चढावर गिअर नेमका कधी उतरवायचा? मदत हवी आहे

इतकी वर्षं स्कूटरच चालवली, महिन्यापूर्वी सेकंडहँड १२५ सीसी बाईक घेतली. पाच गिअर, पहिला खाली, बाकीचे वर. आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे सगळा खेळ कानावर. सपाट रस्त्यावर २० ला दुसरा, ३० ला तिसरा, ४० च्या पुढे चौथा असं ठरवून टाकलंय, जमतंही. पण काल कात्रजच्या जुन्या घाटात चौथ्यावर इंजिन धडधडायला लागलं, तिसऱ्यावरही दम नाही. घाईत दुसरा टाकला तर असा झटका बसला की मागे बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर खणकन आपटलं! (घरी आल्यावरचं सांगत नाही.)

चढ लागायच्या आधीच गिअर उतरवायचा का? आणि क्लच सोडताना थोडी रेस द्यायची म्हणतात, ती किती? घाटातून रोज ये-जा करणाऱ्यांनी सांगा ना.