जर्मन भांडी, जर्मनची भांडी आणि सक्तमजुरी

अर्धा कप
अडकलोय, मदत करा. पोलंडच्या ट्रिपची टिपणं लेखात लिहून काढतोय. क्राकोवमध्ये लिपोवा रस्त्यावर ४ नंबरला नाझी काळातल्या ऑस्कर शिंडलर या जर्मन उद्योजकाचा कारखाना आहे, २०१० पासून तिथे म्युझियम. १९३९च्या शेवटी त्याने तो ताब्यात घेतला आणि पुढे ज्यू कैद्यांकडून तिथे इनॅमलची भांडी करून घेतली. कामगार त्याला 'एमालिया' म्हणायचे, पण पाटीवरचं जर्मन नाव लांबलचक, त्याचं मी सरळ 'जर्मन इनॅमलच्या भांड्यांचा कारखाना' केलं. मावशीला वाचायला दिलं तर म्हणते, अरे एक काय ते ठरव, जर्मनची का इनॅमलची? तिच्या लेखी जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम!! दुसरं म्हणजे फोर्स्ड लेबरला 'सक्तमजुरी' लिहिलंय, चालेल ना?

कडबोळी
मावशींचं बरोबर आहे. आमच्याकडे 'जर्मल'. दूध तापवायची जर्मलची पातेली, खाली काळी वर पोचे आलेली.

पाटीवाला
जर्मन सिल्व्हरवरून आलंय ते. तांबं, निकेल, जस्त, चांदीचा पत्ता नाही. नंतर अ‍ॅल्युमिनियम आलं, तेही पांढरं, लोकांनी तेच नाव चिकटवलं.

कडबोळी
माझे आजोबा सांगायचे की पहिल्या लढाईत पाडलेल्या जर्मन विमानांचा पत्रा वितळवून भांडी केली म्हणून जर्मन.

पाटीवाला
आजोबांना नमस्कार, पण ती विमानं बहुतेक लाकूड आणि कापडाची असायची.

शुद्धमती
मुळात इनॅमल कशाला? आपल्याकडे 'मीना' आहे, मीनाकारी आहे. धातूवर काच भाजून बसवायची, तंत्र तेच. 'मीना चढवलेली भांडी' लिहा. नाहीतर 'मुलामा' आहेच.

पाटीवाला
मुलामा नको हो ताई, मुलामा म्हटलं की खाली पितळ आणि वर सोनं असं काहीतरी खोटं डोळ्यासमोर येतं. माझे वडील इनॅमलच्या पाट्यांच्या कारखान्यात होते, घरांचे नंबर, रस्त्यांची नावं वगैरे. लोखंडी पत्रा आधी तेजाबात धुवायचा, मग काचेच्या भुकटीचा पाण्यात केलेला रबडा असतो त्यात बुडवायचा, निथळायचा, वाळवायचा आणि ८०० डिग्रीच्या आसपास भट्टीत, की काच वितळून पत्र्याला धरते. वडिलांच्या हातावर तेजाबाचे डाग शेवटपर्यंत होते. तिथे कोणी मीना म्हणालं असतं तर सगळे बघायला लागले असते की कोण आली.

शुद्धमती
हसा. असं हसूनच शब्द मेले.

वेशीबाहेर
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघणार आहे का? सक्तमजुरी चूक आहे. सक्तमजुरी म्हटलं की आधी न्यायाधीश येतो. खटला, गुन्हा, तीन वर्षं सक्तमजुरी आणि पाचशे दंड. या माणसांचा कसला गुन्हा? 'वेठबिगार' लिहा. वेठ म्हणजे संस्कृत विष्टि, कौटिल्यापासून आहे.

अर्धा कप
हे पटतंय. पण वेठबिगार म्हटलं की मला सावकार, कर्ज, विटभट्टी असं दिसतं. १९७६चा वेठबिगारीविरुद्धचा कायदाही मुख्यतः कर्जापायी बांधलेल्यांचाच ना. इथे कर्जबिर्ज नव्हतं. मार्च १९४३ मध्ये नाझींनी क्राकोवचा घेट्टो (ज्यूंना कोंडलेली वस्ती) रिकामा केला, कामाला चालतील ते प्लाशूवच्या छावणीत, मग शिंडलरने कारखान्याच्या आवारातच बराकी बांधून प्लाशूवची पोटछावणी केली. मजुरीचे पैसे कारखानदाराने एसएसला (छावण्या चालवणारी नाझी संघटना) मोजायचे, राबणाऱ्याच्या हातात छदाम नाही.

वेशीबाहेर
मग राबवणूक म्हणा. नाहीतर नाम सोडा आणि क्रियापद घ्या, 'जिथे ज्यूंना राबवून घेतलं'. मराठी क्रियापदात बरी चालते.

कडबोळी
छळछावणी आहे की.

वेशीबाहेर
ती कॉन्सन्ट्रेशन कॅम्पला रूढ आहे. शिंडलरच्या आवारातल्या छावणीला छळछावणी म्हणालात तर तिथून वाचलेलेच म्हणतील की प्लाशूव बघा आधी.

रिकामटेकडी
भांड्यांवरून आठवलं, ऑशविट्झच्या (पोलंडमधली नाझींची मृत्युछावणी) म्युझियममध्ये अशी १२ हजारांवर भांडी आहेत. २०१६ मध्ये त्यातल्या एका इनॅमलच्या मगाचा तळ गंजून सुटा झाला तर खाली आणखी एक तळ, आणि मधल्या फटीत सोन्याची अंगठी आणि गुंडाळलेली साखळी. सत्तर वर्षं कोणाला पत्ता नाही. अशा तळाला मराठीत काय म्हणायचं? चोरकप्पा, चोरखिसा आहे, तसं चोरतळ?

पाटीवाला
चोरबूड 🙂

शुद्धमती
चोरतळ चांगला आहे. (हा नवा शब्द चालतो, मीना चालत नाही.)

वेशीबाहेर
ती भांडी वेगळी पण. लोकांनी घरून बांधून आणलेली, कुठेतरी राहायला नेतायत असं सांगितलेलं ना. एमालियाची भांडी कैद्यांनी केलेली. लेखात दोन्हींची भेळ नको.

अर्धा कप
नाही करत. मी पाहिलं त्या भांड्याच्या काठाचा कपचा उडालेला, खालचं लोखंड काळं पडलेलं. कपचा बरोबर ना?

कडबोळी
टवका! इनॅमलचा टवका उडतो, कपचा दगडाचा. टवका उडाला की आजी त्यात ताक ठेवायची नाही, गंजाची चव लागते म्हणून. पितळेत कळकतं आणि यात गंज. ते भांडं मग कोंबड्यांच्या पाण्याला.

नागपुरी संत्रा
तुमच्या गंजावरून एक. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. 'जर्मनचा गंज' म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. पुण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा रूमवर म्हणालो गंज घासून ठेव, तो पॉलिश पेपर घेऊन आला.

पाटीवाला
😂 म्हणजे इनॅमलच्या गंजाचा टवका उडाला की गंजाला गंज.

अर्धा कप
बरं, कारखान्याचं नाव 'जर्मनीची इनॅमल भांडी कंपनी' केलं तर मावशी गप्प बसेल का?

कडबोळी
गंज हा शब्द फक्त नागपुरात की अकोल्याकडेही? आमच्या वहिनी अकोल्याच्या, त्या गंजी म्हणतात, छोट्याला.

नागपुरी संत्रा
गंजी छोटी, गंज मोठा. त्याहून मोठा असला की गुंड, पण तो पाण्याचा.