जुन्या गाडीचं कूलंट जातंय कुठं? (अनुभव धागा)

बालाघाटी
काल मांजरसुंबा घाटात रस्त्याच्या कडेला एक पांढरी हॅचबॅक बॉनेट वर करून उभी होती. वाफ निघत होती आणि एक जण हाताला उपरणं गुंडाळून झाकण फिरवायच्या बेतात होता. एकदम जुन्या काळ्या-पिवळ्या जीपा आठवल्या. ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याचा कॅन ठरलेला असायचा. जीपा गेल्या, कॅन गेला, पण "पाणी टाका, होतंय की" हे काही गेलं नाही.

सेकंडहँड गाडीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी-रसायन) कमी होत असेल तर ते शोधायचं कसं, हे ज्यांना हातानं येतं त्यांनी इथं लिहावं. मी सुरुवात करतो.

कूलंट पेट्रोलसारखं खर्ची पडत नाही, ते आत बंद असतं. वर्षभरात बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीत बोटभर उतरलं तर सोडून द्या. महिन्याला अर्धा लिटर लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय किंवा इंजिन पितंय, तिसरा रस्ता नाही. म्हणून आधी मोजा. सकाळी गार इंजिन, सपाट फरशी, बाटलीवर मार्करनं रेघ, बाजूला किलोमीटरचा आकडा. ५०० किलोमीटरनंतर त्याच फरशीवर परत बघा. कमी झालेलं सिरिंजनं मोजून भरा आणि लिहून ठेवा. "लई पितेय राव" एवढ्यावर कोणताच मिस्त्री काही सांगू शकत नाही.

निळा पाना
रेडिएटरचं झाकण. सगळ्यात स्वस्त तेच आणि सगळ्यात शेवटी बदलतात तेच.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, काहींवर तोच किलोपास्कलमधे, ८८ किंवा १०८. तो दाबाचा आकडा. नुसतं पाणी १०० अंशाला उकळतं, १.१ च्या झाकणाखाली १२० च्या पुढं. निम्मं कूलंट असेल तर आणखी सात-आठ अंश वर. रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब धरत नाही आणि गाडी चांगली असूनही उकळून बाहेर फेकते. दुसऱ्या गाडीचं "बसतंय की" म्हणून लावलेलं झाकण तर जुन्या गाड्यांत नेहमी सापडतं. आकडा मॅन्युअलशी जुळवा.

झाकणाच्या मधे एक छोटी चकती असते, तो दुसरा वॉल (व्हॉल्व्ह). इंजिन गार होताना तो बाटलीतलं कूलंट परत आत ओढू देतो. तो चिकटला तर सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो, कोणीतरी पिळल्यासारखा. असं दिसलं की मेकॅनिककडं जायच्या आधी झाकण घ्या.

तेरणाकाठ
+१ झाकण. भाकरी थापतेय, नंतर सविस्तर लिहिते.

फिटर शेंद्रा
बाटली दोन जातीची असते हे नीट समजून घ्या. छोट्या जुन्या गाड्यांत झाकण रेडिएटरवर आणि बाटली नुसती साठवायला, तिच्यात दाब नसतो. अशा गाडीत बाटली फुल्ल आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं होऊ शकतं. दोन्ही जोडणाऱ्या बारीक नळीला चीर गेली की रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढायच्या ऐवजी हवा ओढतो. म्हणून बाटली बघून "आहे की" म्हणू नका. गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा, कूलंट गळ्यापर्यंत पाहिजे.

दुसऱ्या जातीत बाटलीवरच दाबाचं झाकण असतं. तिथं बाटलीचा जोड, खालचा पाइप आणि प्लॅस्टिकला गेलेली केसासारखी चीर बघा. प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल तर बाटलीच बदला, एम-सील लावून चार दिवस ढकलू नका.

गरम असताना दोन्ही उघडायची नाहीत. उपरणं गुंडाळूनही नाही.

कयाधू
हळद टाकली की गळती बंद होते म्हणतात. खरंय का? आमच्याकडं हळदीला काय तोटा 😄

निळा पाना
@कयाधू वसमतची हळद भाजीत टाका माय, रेडिएटरात नको. बारीक भोक बुजतं हे खरं. पण तोच गाळ हीटरच्या बारीक नळ्यांत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. भोक बुजतं एक, तुंबतात वीस. आडरानात अडकलात आणि गाव २० किलोमीटरवर असेल तर करा, मग पोचल्यावर सगळं धुऊन काढा. बाजारातल्या स्टॉप-लीक पावडरीचंही तेच.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात आणि झाकणाच्या आतून पिवळट-चॉकलेटी चिखल बोटाला लागला, तर मालकानं गळती लपवलीय असं समजा.

कयाधू
चिखल बोटाला लागला तर गाडी परत, हळद लागली तर लग्न 😂

जालन्याचा पाव्हणा
गळती दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं. उन्हाळ्यात ४३ अंशाला फरशीवरचा थेंब दहा मिनिटांत वाळतो, आणि गरम ब्लॉकवर पडलेला तर खाली येतच नाही. ओल शोधू नका, डाग शोधा. कूलंट वाळलं की खडूसारखी पापडी राहते. पांढरी, हिरवट नाहीतर गुलाबी, ज्या रंगाचं कूलंट असेल तशी. होजच्या तोंडाशी क्लिपखाली, रेडिएटरच्या ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या जोडावर, थर्मोस्टॅटच्या (तापमानानं कूलंटची वाट उघडणारा वॉल) डब्याखाली आणि वॉटर बॉडीच्या (कूलंट फिरवणारा पंप) पोटाशी टॉर्च मारून बघा.

वॉटर बॉडीला खाली मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की तिथून गळतं. हलका जुना डाग चालतो, ओला ओघळ चालत नाही. पुली हातानं हलवून बघा, खडखडली तर बेअरिंग गेलंय. ज्या इंजिनात वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर चालते तिथं तर बिलकुल थांबू नका. बेल्ट भिजून सुटला तर बऱ्याच इंजिनांत इंजिनचे वॉल वाकतात. तिथं बेल्ट आणि वॉटर बॉडी एकदमच बदलायची, मजुरी एकदाच जाते.

रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा टाकून ठेवा. काही गळत्या फक्त गार झाल्यावर होतात, रबर आकसलं की क्लिप ढिली पडते. गॅरेजमधे नेईपर्यंत गाडी गरम होते आणि मिस्त्री म्हणतो काहीच नाही.

मुक्काम पोस्ट पूर्णा
खाली पाणी दिसलं की लगेच घाबरू नका, एसीचं असू शकतं. बोटांत चोळून बघा. एसीचं साधं पाणी, कूलंट बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. चाखून बघू नका, विष आहे ते.

तेरणाकाठ
झाल्या भाकऱ्या. हीटरचं कुणी बोललंच नाही. आपल्याकडं हीटर लावतंय कोण, म्हणून त्याची जाळी गळतेय हे वर्षानुवर्षं कळत नाही. खुणा तीन: पाय ठेवायच्या जागी गालिचा चिकट ओला, काचेवर आतून तेलकट धुकं जे पुसलं तरी परत येतं, आणि गाडीत गोड वास. गालिचा वर करून खालचा फोम दाबून बघा, वरून कोरडा दिसतो.

मिस्त्री सरळ दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटर बाद करतात. तात्पुरतं चालतं. पण जुनी गाडी घेताना असा जोड दिसला तर तेवढे पैसे कमी करून मागा.

सीएनजीवाला परभणी
गॅस किट असलेल्या गाडीत एक वेगळीच भानगड असते. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा डबा) गरम ठेवायला हीटरच्या होजला टी मारून कूलंट फिरवतात. म्हणजे चार-सहा जादा क्लिपा, आणि बाहेरून बसवलेल्या किटला त्या बहुतेक स्वस्तातल्या. गळती आधी तिथं बघा.

त्याहून बेरकी म्हणजे रिड्यूसरच्या आतून गॅस कूलंटमधे शिरणं. बाटलीत बुडबुडे येतात, होज टणक होतात आणि मिस्त्री म्हणतो हेड गॅसकेट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलं, काढा इंजिन. आधी गाडी पेट्रोलवर अर्धा तास चालवा. बुडबुडे थांबले तर दोष रिड्यूसरचा. हेड खोलायचा खर्च वाचतो.

बालाघाटी
@सीएनजीवाला परभणी हे भारी. हे फारसं कोणी सांगत नाही.

फिटर शेंद्रा
हेड गॅसकेटचा शिक्का कामून एवढ्या लवकर मारतात कळत नाही. क्रम असा ठेवा.

१) प्रेशर टेस्टर. झाकणाच्या जागी पंप लावायचा आणि झाकणावर जेवढा आकडा तेवढाच दाब द्यायचा, वर नाही. १५ मिनिटं काटा हलला नाही पाहिजे. काटा पडला आणि बाहेर ओल दिसली, तर झालं काम.

२) काटा पडतोय पण बाहेर सगळं कोरडं. मग आत. पेट्रोल गाडीत दाब तसाच ठेवून तासभर थांबा, प्लग काढा आणि स्टार्टर मारा. ज्या भोकातून फवारा उडेल तो सिलिंडर. प्लग न काढता स्टार्टर मारू नका, सिलिंडरमधे पाणी साचलं असेल तर रॉड वाकतो. आधी प्लग बघितले तरी अंदाज येतो, चारांतला एकच धुतल्यासारखा स्वच्छ असतो.

३) निळ्या पाण्याची टेस्ट. बाटलीच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्या निळ्या द्रवातून ओढायची. सायलेन्सरचा गॅस कूलंटमधे येत असेल तर निळं पिवळं पडतं. आधी कूलंट दोन बोटं खाली घ्या, द्रवात कूलंट शिरलं तर टेस्ट बाद. डिझेलला रंग नीट बदलत नाही, त्यावर एकट्यावर विसंबू नका.

ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखं पांढरं दिसलं म्हणजे गॅसकेटच, असंही नाही. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत नुसती वाफ धरूनही तसं होतं. डिपस्टिकवरही तेच दिसलं तर मात्र चालवू नका. आणि परभणीच्या जानेवारीतल्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघणारच. गाडी पूर्ण तापल्यावरही निघत असेल आणि वास गोड असेल तर खरी गोष्ट.

हेड काढलंच तर नुसतं गॅसकेट बदलून बसवू नका. सरळ पट्टी आणि फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्या) सपाटी मोजा, छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमधे मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. जास्त असेल तर प्लेन करून घ्या, आणि गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब देऊन चीर तपासून घ्या. हेडचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात.

डिझेल दादा
डिझेलवाल्यांनी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा जळका गॅस कूलंटनं गार करणारा) विसरू नये. आत फुटला की कूलंट सरळ इंजिनात जातं. ऑइल स्वच्छ, बाहेर कोरडं, आणि बाटली मात्र उतरते. ईजीआरचा पाइप खोला. एरवी तिथं काजळी असते. पाइप ओला किंवा धुतल्यासारखा दिसला तर कूलर गेला.

आणि कूलंटमधे तेल तरंगतंय पण ऑइलमधे पाणी नाही, असं असेल तर आधी ऑइल कूलर बघा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून तेल इकडं येतं.

हरंगुळ
पाण्याचं बोला. बोअरचं पाणी टाकू नका, एवढंच सांगणं आहे. आपल्या काळ्या खडकातलं पाणी जड, भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच इंजिनात बसतो. त्यात नुसत्या पाण्यानं गंज धरतो आणि ब्लॉकची भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या डम्या आतून खाऊन टाकतो. मागची डमी गळाली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते प्यायला होतं, पण बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी तेव्हाही दुकानात मिळत होतं. पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवा, काय बिघडतंय.

रेडी मिक्स कूलंटमधे पाणी घालायचं नाही, आधीच मिसळलेलं असतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावर लिहिलंय तेवढं. रंग बघून भरू नका, हिरवं-गुलाबी हे कंपनीगणिक बदलतं, आतलं रसायन जुळलं पाहिजे. जुनं कोणतं आहे माहीतच नसेल तर सगळं काढा, डिस्टिल्ड पाण्यानं दोनदा धुवा आणि नवं भरा.

सोयाबीन
थर्मोस्टॅट काढून टाकला तर? आमचा मिस्त्री म्हणतो गरम भागात लागतच नाही.

निळा पाना
@सोयाबीन लागतो. तो साधारण ८२ ते ८८ अंशाला उघडतो. काढला तर इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. आणि काही इंजिनांत तो उघडताना आतली आडवाट बंद करतो. तो नसला की कूलंट रेडिएटर सोडून आतल्या आतच फिरतं, मग घाटात उलट जास्तच तापते. संशय असेल तर पातेल्यात पाणी तापवा, दोऱ्याला बांधून सोडा आणि उघडतो का बघा.

तुमच्या नावावरून आठवलं. ऑक्टोबरात रस्त्यावर सोयाबीनची मळणी चालते, तो भुसा एसीच्या जाळीत आणि रेडिएटरच्या मधे जाऊन बसतो. समोरून दिसत नाही. जाळी सरकवून आतल्या बाजूनं बाहेर हलक्या धारेनं पाणी मारा. वॉशिंगवाल्याची जोराची धार नको, पापुद्रे मिटतात.

तेरणाकाठ
कूलंट काढलं की परातीत उघडं ठेवू नका. गोड असतं म्हणून कुत्री, वासरं तोंड घालतात आणि किडनी जाते. झाकणाच्या कॅनमधे भरा.

जालन्याचा पाव्हणा
भरल्यावर हवा काढायची राहते आणि दोन दिवसांनी "परत कमी झालं" म्हणून ओरड. हीटर फुल्ल गरमवर, गाडीचं तोंड चढाला, हवेचा स्क्रू असेल तर ढिला, आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत आयडलवर. मधूनमधून वरचा होज दाबत राहा, फडक्यानं. गार झाल्यावर परत पातळी बघा, पाव-अर्धा लिटर अजून बसतं.

मुक्काम पोस्ट पूर्णा
बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा. गाडी बघायला गेलात की चावी ऑन करून तो दिवा एकदा लागतो का बघा. काही महाभाग दिवाच काढून ठेवतात. ब्लूटूथची ओबीडी पट्टी (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे मोबाइलवर दाखवणारी) खिशात न्या, एसी लावून अर्धा तास चालवा आणि इंजिनच्या तापमानाचा आकडा बघा. ९० ते १०० च्या मधे खेळत राहिला तर ठीक. इंजिन चकाचक धुतलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, गार असताना.

सोयाबीन
पांढऱ्या हॅचबॅकचं काय झालं मग?

बालाघाटी
@सोयाबीन झाकण उघडू दिलं नाही. पाऊण तास चहा. वरच्या होजची क्लिप सुटली होती, स्क्रूड्रायव्हरनं आवळली आणि दोन बाटल्या बिसलेरी ओतली. हरंगुळवाले, रागावू नका.

हरंगुळ
बोअरपेक्षा बरं. पण बीडला पोचल्यावर सगळं काढायला सांगितलं ना?