मदत हवी आहे: डबल मार्करमध्ये हाय रिस्क आलंय, थेट ॲम्निओ (सुईने गर्भजल काढून तपासणी) करावी का?

मला १४वा आठवडा सुरू आहे. डबल मार्करमध्ये (गरोदरपणातली रक्ताची चाचणी) बाळाला डाउन सिंड्रोम (२१व्या गुणसूत्राची जादा प्रत) असण्याची शक्यता १:९० आली. डॉक्टरांनी नीट समजावलं, की असा रिपोर्ट आलेल्या ९० जणींपैकी एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो, बाकी ८९ जणींच्या नाही. आकडा पटतो, पण रात्री झोप लागत नाही.

एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची तपासणी) माझ्याच रक्तातून होईल, बाळाला धोका नाही. पण तीही चाळणीच, म्हणजे फक्त शक्यता सांगणारी; पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी ॲम्निओ करावीच लागणार. ॲम्निओ १५ आठवडे पूर्ण झाल्यावर. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका खूप कमी असतो हे कळतं, तरी सुई आत जाणार या विचारानेच पोटात गोळा येतो. नवऱ्याचा कल एनआयपीटीकडे आहे. मला मात्र पक्कं उत्तर एकदाच हवंय.

ज्यांनी ॲम्निओ केली त्यांनी कृपया सांगा: फिशचा (ठरावीक गुणसूत्रांची झटपट तपासणी) रिपोर्ट किती दिवसांत आला? पूर्ण कॅरिओटाइप (सगळ्या गुणसूत्रांची तपासणी) येईपर्यंतचे आठवडे कसे काढलेत? मायक्रोॲरेही (गुणसूत्रांतले बारीक बदल शोधणारी तपासणी) करून घेतलीत का? आणि जेनेटिक काउन्सेलरला भेटला असाल, तर कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला असं नंतर वाटलं?